शरदने न उचललेले दात

“आमच्या बाबांनी वर्षानुवर्षं शार्कच्या दातांचा जप केला. पुस्तकं आणली, चाळणी आणली, भिंग आणलं, आईचं डोकं खाल्लं. आणि एकदाचे कच्छला पोचले, तर पहिल्याच दुपारी ऊन सोसेना म्हणून गाडीत जाऊन झोपले! अण्णाकाका बिचारे या वयात एकटे दगड तुडवत फिरत होते. दोन दिवसांनी बाबा हात हलवत परत... एक दात नाही. असे होते आमचे बाबा. सुरुवात झकास, शेवट गायब!”

हे उद्गार माझ्या साडूच्या मुलाचे, मंदारचे. शरदच्या शोकसभेत, बोरिवलीच्या एका छोट्या सभागृहात, त्याने ते काढले. त्यात द्वेष नव्हता हे मी मान्य करतो. बापाच्या आठवणीने आलेले रडू आवरण्यासाठी माणसे विनोदाचा आधार घेतात, हेही मला ठाऊक आहे. सभागृह हसले. पहिल्या रांगेत बसलेली सुधा, म्हणजे शरदची पत्नी आणि माझ्या दिवंगत पत्नीची धाकटी बहीण, तीही पदराने डोळे पुसता पुसता हसली. तथापि विधान प्रेमाने केले म्हणून ते खरे ठरत नाही. मंदारचे विधान खोटे आहे. ते खोटे आहे हे सांगायला मी तिथल्या तिथे उभा राहिलो. विक्रोळीच्या कारखान्यात कामगारांची बाजू मांडण्यात माझी हयात गेली. समोर मालक असो की मालकाचा वकील, मी शब्दासाठी कधी अडलो नव्हतो. त्या दिवशी अडलो. हात खुर्चीच्या पाठीवर, शंभर डोळे माझ्यावर, आणि तोंडातून शब्द नाही. कोणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. “अण्णांना भरून आलं,” असे मागून कोणी तरी कुजबुजले. मी खाली बसलो. येथे पहिली दुरुस्ती नोंदवतो : मला भरून आले नव्हते. मला लाज वाटली होती.

सभा संपल्यावर सुधा मला दारापर्यंत सोडायला आली. मी चपला घातल्या. मग हळूच म्हणाली, “भाऊजी, एक विचारू? तिकडून आल्यावर मी यांना फार बोलले होते हो. म्हटलं, आयुष्यात एक काम हातात घेऊन तडीस न्याल तर शपथ. दोन दिवस, दोन दिवस नाही धीर धरवला तुम्हाला? ते नुसते हसले. आता ते हसणं डोळ्यांसमोरून जात नाही... पण मी चुकीचं नव्हते ना बोलले? तुम्ही तर होतात तिथं. खरंच झोपले होते ना ते?” एका विधवेने सरळ प्रश्न विचारला होता आणि त्याचे सरळ उत्तर माझ्याकडे होते. मी म्हणालो, “ऊन असतं गं तिकडे.” एवढे बोलून मी रिक्षा शोधायला बाहेर पडलो. त्या उत्तराला आता काही आठवडे झाले. मुलुंडच्या या भाड्याच्या घरात मी रोज ते उत्तर ऐकतो. सुधाला फोन करून खरे सांगता आले असते, असे कोणी म्हणेल. ते मला जमले नाही. पुढे वाचल्यावर का, ते कळेल. शिवाय जे विधान भर सभेत झाले, त्याचे खंडन स्वयंपाकघरातल्या फोनवर होऊ शकत नाही. जाहीर विधानाचे खंडन जाहीरच व्हावे लागते. हा माझा जुना आग्रह आहे आणि आज तो माझ्यावरच उलटला आहे.

शरद आणि मी साडू. दोन सख्ख्या बहिणींचे नवरे एकमेकांकडे कसे पाहतात हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. मी थोरला जावई. सासुरवाडीच्या विक्रोळीतल्या दोन खोल्यांत माझ्यासाठी पाट आधी मांडला जाई. मग हा आला. वेंगुर्ल्याकडचा, किडकिडीत, सतत हसणारा, आणि व्यवसाय काय तर कवळ्या तयार करणे. बोरिवली पश्चिमेला एका इमारतीच्या तळमजल्यावर त्याची एक खोली होती. दंतवैद्य मापे घेत, आणि त्या मापांवरून हा तिथे प्लास्टरचे साचे, मेण आणि गुलाबी मसाला घेऊन माणसांच्या हिरड्या आणि दात घडवी. पहिल्याच दिवाळसणाला सासऱ्यांनी माझ्या युनियनची चौकशी केली, तेव्हा हा मध्येच म्हणाला, “अण्णा, तुमच्या मालकाचे दात माझ्याकडेच बनतात. सांगा, एखादा उंच बसवू का? दोन दिवस जेवायचा नाही.” सगळे घर हसले. मी हसलो नाही. वर्गशत्रूविरुद्धची लढाई अशी थट्टेवारी नेणारा माणूस मला उथळ वाटला, आणि हे मत मी बराच काळ बाळगले, हे लपवण्यात अर्थ नाही.

शार्कचे वेड त्याला कुठून लागले याच्याही दोन कथा नातेवाइकांत सांगितल्या जातात, आणि दोन्ही चुकीच्या आहेत. त्याने टीव्हीवर काही पाहिले नव्हते की कोणा साधूने त्याला काही दिले नव्हते. त्याच्याकडे कवळीच्या दुरुस्तीसाठी येणाऱ्या एका निवृत्त भूगर्भतज्ज्ञांनी गप्पांच्या ओघात खिशातून एक दात काढून त्याच्या टेबलावर ठेवला, एवढेच घडले. कच्छमध्ये सापडलेला, काळसर तपकिरी, नखाएवढा, कडेला करवतीसारखे बारीक दाते असलेला. ज्या काळी कच्छवर समुद्र होता त्या काळातला. “अण्णा, चमक अजून गेलेली नाही,” तो मला सांगायला मुद्दाम मुलुंडला आला होता. “कोट्यवधी वर्षं मातीत पडून चमक गेलेली नाही, आणि आमचा माल पाच वर्षांत पिवळा पडतो! आणि ऐका ना, या शार्कला कवळी लागतच नाही. दात पडला की मागच्या रांगेतला पुढे सरकतो. मागं रांगच उभी असते. माणसाला देवानं असं केलं असतं तर माझा धंदा बसला असता.” त्यानंतर पुस्तके, भिंग, चाळणी हे सारे आले. मंदारने त्याचीही थट्टा केली. परंतु ती पुस्तके शरदने वाचली होती. समासात पेन्सिलीने काढलेले दातांचे आकार मी स्वतः पाहिले आहेत. पायाशी दात कसा बसतो, झीज कुठल्या बाजूने होते, हे तो स्वतःच्या धंद्याच्या नजरेने पडताळून पाहत असे.

आता मी त्या ठिकाणी येतो जिथे सभागृहात माझी जीभ अडखळली.

माझे दात माझे नाहीत. पत्नी गेली त्यानंतर दोन-तीन वर्षांत माझे उरलेसुरले दात पडले, आणि मी माणसांत जायचे सोडले. ज्याने उभ्या आयुष्यात तोंडाच्या बळावर मान मिळवला, त्याने बोळक्या तोंडाने लोकांसमोर उभे राहावे, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. हा अहंकार होता असे कोणी म्हणेल. होता. शरदने काही विचारले नाही. एका दुपारी त्याच्या ओळखीच्या दंतवैद्याकडे तो मला मुलुंडपासून पार दूर, अंधेरीला घेऊन गेला, जिथे मला कोणी ओळखणार नाही. माप झाले, मेणाच्या दातांची चाचणी झाली. “अण्णा, हसा.” “कशाला?” “विनोद नाही सांगत, चावा बघायचाय. हसा... असे नाही हो! हे तुम्ही मालकाला हसताय. घरच्यासारखं हसा.” कवळी बसली, आणि त्याने एका समोरच्या दाताचा कोपरा मुद्दाम जरासा वाकडा ठेवला, माझा मूळ दात तसाच होता म्हणून. माझ्या मुलीलासुद्धा संशय आला नाही. सुधाला कळले नाही. कोणालाच कळले नाही, कारण शरदने कोणाला सांगितले नाही. ज्या माणसाविषयी ‘त्याच्या पोटात काही राहत नाही’ अशी त्याच्या घरात ख्याती आहे, त्याच्याविषयी मी हे लिहीत आहे.

त्यानंतरच्या हिवाळ्यात आम्ही कच्छला गेलो. मी जायला तयार नव्हतो. माझ्या मुलुंडच्या सोसायटीच्या पुनर्विकासाचा वाद ऐन रंगात होता. सोमवारी संध्याकाळी विशेष सर्वसाधारण सभा होती आणि विरोधी बाजू मी मांडणार होतो. शरद म्हणाला, “शुक्रवारी संध्याकाळी बोरिवलीला गाडीत बसायचं, सोमवारी सकाळी परत. तुमची सभा संध्याकाळी. भाषण गाडीत पाठ करा, मी विरोधी पार्टी होतो.” खरोखरच बोरिवली ते भुज त्याने बिल्डरची बाजू इतकी हिरिरीने मांडली की वरच्या बर्थवरचा एक गुजराती व्यापारी त्याला, “साहेब, फ्लॅट किती स्क्वेअर फूटचा देणार?” असे विचारू लागला.

भुजहून आम्ही हुसेनभाई नावाच्या ड्रायव्हरची गाडी केली आणि पश्चिमेला, लखपत तालुक्यातल्या एका गावाबाहेरच्या ओसाड टेकड्यांवर पोचलो. गावच्या सरपंचांना शरदने आधीच फोन करून विचारले होते : खणायचे नाही, फोडायचे नाही, वर मोकळे पडलेले पाहायचे. येथे मंदारच्या उन्हाचा निकाल लावून टाकतो. पौष महिना होता. हुसेनभाई स्वेटर घालून गाडी चालवत होते. दुपारचे ऊन होते, पण वेंगुर्ल्याच्या माणसाला ते सोसेना हे म्हणणे हास्यास्पद आहे. पिवळट जमिनीवर नाण्यांसारख्या चपट्या, गोल जीवाश्मांचा खच पडला होता. पावलागणिक ते करकरत. शरदने मला शिकवले, “अण्णा, सगळं बघायला जाऊ नका. डोळ्याला एका वेळी एकच वस्तू सांगायची. आज सांगा, काळी चमक आणि तीन कोन. बाकी सगळं आपोआप पुसलं जातं.” मला काहीच दिसेना. तो मात्र वाकून, हात मागे बांधून, एखादा हरवलेला बोरू शोधणाऱ्या पंतोजीसारखा चालत होता, आणि थोड्याच वेळात ओरडला, “गावलो! अण्णा, गावलो!” आनंद झाला की त्याची भाषा आपोआप वेंगुर्ल्याला जाई.

तळहातावर तो दात होता. अखंड, टोकदार, ओल्या गुळासारखा चमकणारा. त्याने भिंगातून पाहिला, मला दाखवला, कितीतरी वेळ पाहिला... आणि मग परत होता तिथे ठेवून त्यावर एक लहान दगड झाकला आणि हात जोडले. “हे काय?” “पहिला राखणदाराचा. आमच्याकडे कुठल्याही जागेत शिरलं की पहिला मान जागेवाल्याचा. दुसऱ्यापासून आपला.” मी त्याला अंधश्रद्धाळू म्हटले, आणि कच्छच्या राखणदाराला मालवणी कळते का, असेही विचारले. तो म्हणाला, “मान सगळ्यांना कळतो, अण्णा.” तेव्हा ‘एक दात नाही’ या विधानाविषयी : शरदला शार्कचा दात सापडला होता. पहिल्या तासाभरात सापडला होता. त्याने तो घेतला नाही, कारण त्याची रीत तशी होती, आणि दुसरा उचलायला त्याला वेळ मिळाला नाही. तो का मिळाला नाही, ते आता सांगतो.

वाऱ्याबरोबर उडणारी बारीक माती माझ्या वरच्या कवळीखाली गेली होती. ते खुपणे असह्य झाले, तेव्हा हुसेनभाईंना दिसू नये म्हणून मी टेकाडामागे जाऊन ती काढली. तोंड धुवायला पाणी गाडीत होते. म्हणून कवळी रुमालात गुंडाळून मी ती खिशात ठेवली. कवळी घालणाऱ्या माणसांना शरद पहिली ताकीद हीच देत असे, रुमालात ठेवू नका. मलाही दिली होती. पुढे तासभर मी त्या टेकड्यांवर हिंडलो, कितीदा तरी घाम पुसायला खिशातून रुमाल ओढला... गाडीजवळ येऊन पाहतो तो रुमाल रिकामा.

मी शरदला खुणेने बाजूला बोलावले. तोंड उघडायची माझी तयारी नव्हती. त्याला क्षणभर कळले नाही, मग माझ्या वरच्या ओठाकडे पाहून कळले. मी अपेक्षिले होते की तो हसेल. तो हसला नाही. त्याने स्वतःच्या गळ्यातला मफलर काढून माझ्या तोंडाभोवती गुंडाळला, कान झाकून नीट गाठ मारली, मला गाडीत बसवले, काचा वर केल्या आणि हुसेनभाईंना म्हणाला, “काका को जोर की सर्दी हुई है, बाहर मत निकालो.” मग तो वळला तो पुन्हा टेकडीवर. मंदार, गाडीत कोण बसले होते ते आता तुला कळले असेल. झोपलो नव्हतो, एवढीच दुरुस्ती. काचेतून शरदची वाकलेली पाठ पाहत होतो. सकाळी आम्ही जिथे जिथे फिरलो होतो, तिथून तो पुन्हा, उलट्या दिशेने, पाऊलभराची जागा न सोडता चालला होता.

हुसेनभाई भला माणूस. थोड्या वेळाने ते मदतीला गेले. “चाचा, क्या ढूँढते हो? सुबह तो पत्थर ढूँढते थे.” काच जराशी खाली होती; मला ऐकू आले. शरदने दोन्ही ओठ आत दुमडले, हात तोंडावर धरला आणि बोबड्या आवाजात म्हणाला, “अरे भाई, मेरा दात गिर गया. उपरवाला. नकली है.” ज्याच्या तोंडात स्वतःचे सगळे दात शाबूत होते, जो भर लग्नात सुपारी फोडून दाखवी, तो माणूस! तिथून पुढे हुसेनभाईंच्या देखत त्याने ओठ उघडून शब्द काढला नाही. गुराखी बायका येऊन पाहू लागल्या, त्यांनाही तेच उत्तर. त्या खिदळल्या. एक म्हातारी आपले बोळके दाखवून म्हणाली की बघ, माझे काही अडते का. शरद तिच्याबरोबर हसला, तोंडावर हात धरून. त्या हसण्यातला एकही कण माझ्यापर्यंत आला नाही. सगळे त्याने अंगावर घेतले, आणि मी मफलरमध्ये बसून राहिलो.

रात्रीच्या मुक्कामाला धर्मशाळेत बाजरीचा गरम रोटला, लसणाची चटणी आणि गूळ होता. हुसेनभाईंनी “चाचा के लिये नरम” म्हणून मुद्दाम खिचडी-कढी करवून आणली. मला ताप आहे असे सांगून शरदने माझे ताट खोलीत आणले, दार लावले आणि खिचडी माझ्यापुढे सरकवली. मी म्हणालो, “आता कोणी बघत नाही. तू रोटला खा.” त्याला रोटला किती आवडे हे मला ठाऊक होते. तो म्हणाला, “दिवसभर एवढी ॲक्टिंग केली की आता तोंडालाच पटलंय, दात नाहीत. द्या चमचा.” एका ताटातून आम्ही खिचडी खाल्ली. मी बोलता बोलता ओठावर हात धरत होतो. त्याने माझा हात धरून खाली केला. “अण्णा, मी रोज असलीच तोंडं बघतो. माझ्यासमोर कसला पडदा?”

रविवारी उजाडताच तो पुन्हा निघाला. मी त्याच्याबरोबर चाललो, मफलर बांधून. एका उतारावर मला, मला सुद्धा, ती काळी चमक दिसली. तीन कोन. मी त्याचा दंड धरून दाखवले. तो थांबला, पाहिले, आणि पुढे चालू लागला. मी पुन्हा हाक मारली. “दिसला, अण्णा. काल संध्याकाळपासून तीन-चार दिसलेत. आज डोळ्याला गुलाबी सांगितलंय. एकदा का काळं उचलायला वाकलो की गुलाबी दिसायचं बंद होईल.” मग चालता चालता म्हणाला, “आणि उद्या तुमची सभा आहे.” ज्या दातांसाठी त्याने पुस्तकांच्या समासात पेन्सिली झिजवल्या, ते त्याच्या पायाशी पडले होते आणि तो त्यांना वळसा घालून जात होता. ‘हात हलवत परत’ या शब्दांचा अर्थ हा असा आहे.

कवळी मिळाली नाही. सोमवारी सकाळी बोरिवलीला उतरल्यावर तो घरी गेला नाही. सुधाला फोन करून “गाडी लेट आहे” म्हणाला आणि मला आपल्या खोलीवर घेऊन गेला. माझा जुना प्लास्टरचा साचा त्याने जपून ठेवला होता. खालची कवळी माझ्या तोंडात होतीच. तिच्याशी जुळवत तो मेणात दात लावीत बसला. नंतर साचा पितळी पेटीत दाबून पाण्यात उकळायला ठेवला, आणि त्यातून निघालेली कवळी घासली, पॉलिश केली. मी स्टुलावर बसून पाहत होतो. त्याचे डोळे लाल झाले होते. वाकडा दात यावेळीही वाकडाच बसवला. “हसा, अण्णा.” मी हसू शकलो नाही. “चालेल,” तो म्हणाला, “सभेत हसायचं नाहीये.”

त्या संध्याकाळी मी बोललो. मुद्देसूद बोललो, असे विरोधकही म्हणाले. आणि बहुमताने हरलो. ती इमारत पाडली गेली, तिच्या जागी मनोरा उभा राहतो आहे, आणि मी भाड्याच्या घरात हे लिहितो आहे. माझ्या भाषणाने एक वीट वाचली नाही. असल्या भाषणासाठी एका माणसाने आपली दोन दिवसांची एकमेव सहल खर्ची घातली... हे मी स्वतःला वेगवेगळ्या प्रकारे सांगून पाहतो. कुठल्याही प्रकारे सांगितले तरी मान वर होत नाही.

घरी जाऊन शरदने जे सांगितले ते मला सभागृहातच प्रथम कळले. तत्पूर्वी एकदा कळायला हवे होते. एका गणपतीत सुधा पंगतीत म्हणाली होती, “आमच्यांचं सगळं असंच, अर्धवट. विचारा भाऊजींना!” आणि शरद माझ्याकडे पाहत घाईघाईने म्हणाला होता, “अण्णा, चटणी सरकवा जरा.” मी चटणी सरकवली. नवरा-बायकोची नेहमीची कुरबुर समजून मी विषय सोडून दिला. त्या एका बाबतीत मी उलटतपासणी केली नाही. आता लक्षात येते की त्याने घरी खोटे फारसे सांगितलेच नव्हते. एक जण दुपारभर गाडीत बसून होता, दुसरा एकटा टेकड्या तुडवत होता, हे खरेच होते. त्याने फक्त नावांची अदलाबदल केली. कारण खरे नाव सांगितले असते तर पुढचा प्रश्न आला असता : अण्णा गाडीत का बसले होते? आणि त्या प्रश्नाचे उत्तर माझ्या तोंडात होते. मरेपर्यंत त्याने ते उघडे पडू दिले नाही, बायकोचे टोमणे खाल्ले, मुलाच्या थट्टेचा विषय झाला, आणि त्याच्या शोकसभेतही लोक त्याच गोष्टीला हसले.

नातेवाइकांपैकी काही जण आता म्हणतील, अण्णांनी हे कशाला लिहिले, झाकली मूठ होती. त्यांना माझे उत्तर असे की मूठ माझी होती आणि झाकणारा हात त्याचा. तो हात आता नाही. आणखी काही जण, मंदारसह, म्हणतील की ठीक आहे, कारण वेगळे असेल. पण काम अर्धवट सोडून ते परत आलेच ना? सुधाच्या प्रश्नाचे मूळही तेच आहे. म्हणून एक गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे. तिच्यापुढे बाकी सगळा युक्तिवाद नसला तरी चालेल.

रविवारी दुपारी एक शेवटची घळ पाहायची राहिली होती. खोल, बाभळीच्या काट्यांनी भरलेली. शरदच्या पोटऱ्या ओरखड्यांनी लाल झाल्या होत्या. घळीच्या काठावर बसून तो चपलेतला काटा काढत होता. म्हणाला, “अण्णा, ही उतरून बघतो. नाही मिळाली तर तिकीट रद्द करू. सुधाला सांगेन, गाडी चुकली. उजाडताच परत येऊ, भुजहून दुपारच्या विमानानं तुम्हाला सभेला पोचवतो.” आणि तो उतरायला लागला. तेवढ्यात त्या गुराखी बायका पुन्हा दिसल्या. माझ्या मफलरकडे बोट दाखवून त्या आपापसांत काही बोलल्या. काय बोलल्या ते मला कळले नाही. कदाचित काहीच नसेल. पण मला ते सहन झाले नाही.

सुधा, तू दारात विचारलेस, त्याचे उत्तर हे आहे. “पुरे, परत जाऊ या,” असे शरद म्हणाला नाही. तो तेव्हा घळीत उतरत होता. ते मी म्हणालो.